वाई ते शिराळा, मधले दोन किलोमीटर वगळून

शनिवारी दिवस उजाडताना मी वाईचा पूल ओलांडला, तेव्हा कठड्याशी आमच्या शाळेच्या सात मुली कुडकुडत उभ्या होत्या. मला निरोप द्यायला येऊ नका, असं मी आदल्या दिवशी चांगलं खडसावून सांगितलं होतं. म्हणजे त्या येणारच होत्या. त्यांच्यातल्या एकीनं माझ्या सायकलच्या पुढच्या टोपलीत शेंगदाण्याच्या चार चिक्क्या टाकल्या आणि "बाई, उतरू नका हं" एवढंच म्हणाली. मी मान हलवली. 

वाचकांना आधी हे सांगायला हवं, की मी हौशी प्रवासी वगैरे नाही. वाईच्या एका मुलींच्या शाळेत मी एकोणीस वर्षं पीटी शिकवते आहे. आमच्या शेजारच्या मुलांच्या शाळेची दर जानेवारीत सायकल सहल निघते. आमच्या मुलींना सव्वीस जानेवारीची कवायत, लेझीम, आणि वर्षातून एकदा एसटी ठरवून कुठल्यातरी देवळाची सहल. या वर्षी नववीच्या मुलींनी सरळ विचारलं, की आपली सायकल सहल का नाही.  म्हणून मी अर्ज केला: बावीस मुली, चार दिवस, वाई ते शिराळा, रहिमतपूर, विटा आणि सांगलीवरून.

अर्ज शाळेच्या समितीपुढे गेला. समितीवर एक वकीलसाहेब आहेत. ते म्हणाले, "चढ आला की मुली उतरून सायकली ढकलत नेणार. त्याला सहल कशाला म्हणायचं?" मला राग आला की मी नको ते बोलते. मी म्हणाले, "मी आधी एकटी जाऊन येते. साध्या लेडीज सायकलवर. एक पाऊलही ढकलत नेणार नाही, कुठल्या वाहनातही बसणार नाही." वकीलसाहेबांनी ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांची काळजी वेगळी होती. त्या म्हणाल्या, "मला चढाची भीती नाही. अनोळखी गावात मुली अडकल्या तर त्यांच्याकडे कोण बघणार?" त्यांनी आपली एक अट घातली. रोज संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामाच्या गावातून शाळेत फोन करायचा. एक दिवस जरी चुकला तरी अर्ज फायलीत जाईल. बुधवारी संध्याकाळी समिती पुन्हा बसणार होती, म्हणजे मंगळवारी मला शिराळ्यात पोचायलाच हवं होतं.

तर अशी मी निघाले. वय चव्वेचाळीस, अंगात पंजाबी ड्रेस, पायांत पीटीचे पांढरे बूट. सायकल काळी, जड, गियर नसलेली, माझ्या लग्नाच्याही आधीची. मागे कॅरिअरला पिशवी: दोन कपडे, पंप, पाने, पंक्चरच्या सोल्युशनची नळी.

पाचवडपासून साताऱ्यापर्यंतचा हायवे काही सुखाचा नाही. ट्रक इतक्या जवळून जातात की आपली ओढणी त्यांच्या चाकात जाईल असं वाटतं. मी ओढणी कमरेला बांधली आणि वहीत लिहून ठेवलं: मुलींना ओढण्या नकोत. साताऱ्यात न थांबता कोरेगावच्या रस्त्याला लागले आणि माहुलीला घाटावर बसून घरची चपाती खाल्ली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. दगडी देवळं, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, आणि पाण्याजवळची थंडी. मुलींना इथे तासभर बसवायचं, हेही लिहून ठेवलं.

कोरेगाव सोडलं की गाड्या कमी होतात आणि रस्ता वरखाली होऊ लागतो. चढ मोठे नाहीत, पण एक संपला की दुसरा दिसतो. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी झाली होती. उताराला पाय सोडून द्यायचे आणि त्या वेगात पुढचा अर्धा चढ काढायचा, ही युक्ती मला दुपारपर्यंत साधली. रहिमतपुरात शिरले तेव्हा साडेतीन वाजले होते. बाजारपेठेतल्या पिवळ्या एसटीडी बूथवरून फोन केला. पलीकडे आमचे शिपाई होते. ते म्हणाले, "पोचलात? बरं झालं. हितं लय जनी विचारून गेल्या." रात्री शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मावशींकडे राहिले. त्यांनी माझ्या पायांना तेल चोळून दिलं आणि चोळताना सगळा वेळ माझ्या नवऱ्याची कीव केली.

रविवारी औंधच्या वाटेवर माझी खरी परीक्षा झाली. औंधच्या अलीकडे एक चढ आहे, तो नकाशात दिसत नाही, पण पोटऱ्यांना दिसतो. मी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी सायकल घालत वर चढले. दोनदा वाटलं की आता पाय टेकणार. तेव्हा मी मोठ्यानं वकीलसाहेबांचं वाक्य म्हणायला सुरुवात केली. समोरून बैलगाडी घेऊन येणारा माणूस गाडी थांबवून माझ्याकडे बघत राहिला. वर पोचले आणि उतरून दहा मिनिटं रस्त्यावरच बसले. मूळपीठाच्या डोंगरावर यमाई आणि खाली तळ्याकाठचं शांत गाव. दर्शनाला पायऱ्या चढायचं त्राण उरलं नव्हतं, खालूनच हात जोडले.

पुसेसावळीच्या पुढे एका बाभळीखाली पाणी पीत बसले होते, तर शेजारच्या वस्तीवरून एक बाई कडेवर पोर घेऊन लगबगीनं आली. तिच्या मागे आणखी दोघी, त्यांच्याही कडेवर पोरं. पहिलीनं पोराचं तोंड माझ्यासमोर उघडून धरलं. मला काही कळेना. मग लक्षात आलं, की सायकलवर बाई म्हणजे नर्सबाई, आणि नर्सबाई म्हणजे पोलिओचा डोस. मी शिक्षिका आहे, सहज फिरायला निघाले आहे, असं सांगितल्यावर तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. फिरायला निघालेली बाई त्यांना डोस न देणाऱ्या नर्सपेक्षा जास्त संशयास्पद वाटली. पोरं मात्र खूश झाली. चारही दिवसांत मला निदान सहा ठिकाणी नर्स समजले, दोन ठिकाणी कुटुंब नियोजनवाली आणि एका ठिकाणी मतदार यादीवाली.

विट्याला कांबळे बाईंकडे मुक्काम होता. त्या पूर्वी आमच्याच शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त होऊन घरी असतात. दारात पोचले तर त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं आणि समोरच्या दुकानातल्या फोनकडे बोट दाखवलं. पाचाला दहा कमी होते. जेवताना मी त्यांना पुढचा रस्ता दाखवला. त्यांनी आष्टा ते इस्लामपूर या तुकड्यावर पेन्सिलीनं फुली मारली. हंगाम चालू आहे, त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांना दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मुली नेऊ नका, असं म्हणाल्या. त्यांचं माहेर त्याच भागातलं. आष्ट्याहून आत वळून खोलेवाडीवरून एक लहानसा रस्ता जातो, सावली आहे, वाहन नाही, तो धरा, असं त्यांनी सुचवलं. मी तो रस्ता वहीत काढून घेतला.

सोमवार सगळ्यात आनंदाचा गेला. विटा ते तासगाव हा रस्ता म्हणजे माळ, मग द्राक्षबाग, पुन्हा माळ, पुन्हा द्राक्षबाग. एका बागेच्या कडेला घड झाकायचं काम चाललं होतं. तिथल्या बायकांनी हाक मारून मला मूठभर आंबट मणी दिले आणि माझं तोंड वेडंवाकडं झालेलं बघून पोट धरून हसल्या. तासगावच्या गणपतीचं गोपूर लांबूनच दिसतं. ते दिसत राहतं आणि जवळ येत नाही. दुपारी सांगलीत पोचले, शाळेत फोन केला, भडंग घेतलं आणि वेळ होता म्हणून हरिपूरला जाऊन आले. तिथे जमिनीत पेवं आहेत (हळद साठवायचे खोल खड्डे). एका म्हाताऱ्या हमालानं मला पेवाचं तोंड दाखवलं आणि आत वाकू नका म्हणाला, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस जातो. तेवढ्यासाठी मुलींना तिथे आणायचं की आणायचं नाही, यावर मी रात्री झोप लागेपर्यंत विचार करत होते.

आता मंगळवार. सांगलीहून सकाळी सहाला निघाले. सगळं बेतात होतं, पण आष्ट्याच्या अलीकडे पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन झिजून निसटली आणि डावं पायडल लटकू लागलं. एकाच पायानं पायडल मारत, न उतरता, आष्ट्यात पोचले. सायकलवाल्याचं दुकान उघडेपर्यंत, त्याला पिन सापडेपर्यंत आणि ती ठोकून बसेपर्यंत तीन तासांवर गेले. ते सगळं होऊन मी आत वळले तेव्हा बारा वाजून गेले होते. मध्ये रस्ता एकदा चुकले. खोलेवाडीच्या शिवेवर पोचले तेव्हा दीड वाजला होता. शिराळा अजून पंचवीस किलोमीटर होतं आणि हातात साडेतीन तास होते. जमण्यासारखं होतं.

शिवेवर रस्त्याच्या आडवी एक दोरी बांधली होती आणि तिला लिंबाचे डहाळे लावले होते. दोरीच्या अलीकडे एक एसटी उभी होती. लोक उतरून, बोचकी घेऊन, दोरीखालून वाकून चालत गावाकडे निघाले होते. दोरीशेजारी दगडावर एक आजोबा बसले होते. त्यांनी काठी आडवी धरली.

"आवं बाई, उतरा खाली. आज गाव पाळलंय."

मी उतरले. आजोबांनी सगळं नीट समजावून सांगितलं. माघातल्या पुनवेला खोलेवाडीच्या देवीची जत्रा असते. जत्रेआधी पाच मंगळवार गाव पाळक पाळतं (देवीच्या नावानं कामं बंद ठेवतं). त्या दिवशी औत जुंपायचं नाही, दळण दळायचं नाही, चूल पेटवायची नाही, आणि गावाच्या शिवेच्या आत चाक फिरवायचं नाही. गाडीचं नाही, मोटारीचं नाही, रहाटाचंसुद्धा नाही. आज पहिला मंगळवार होता. एसटीसुद्धा इथूनच मागे फिरणार होती.

मी म्हणाले, "बरं, मग मी ढकलत नेते." हे म्हणताना माझ्या जिवावर आलं होतं. एक पाऊलही ढकलणार नाही, हे माझेच शब्द.

"ढकलली तरी चाक फिरतंयच की," आजोबा म्हणाले.

मी दुसरी वाट विचारली. दुसरी वाट म्हणजे पुन्हा आष्टा आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा मोठा रस्ता, पंधरासोळा किलोमीटर जास्त. पाचला शिराळा शक्यच नव्हतं. एसटीचे ड्रायव्हर तंबाखू मळत ऐकत होते. त्यांना माझी दया आली. म्हणाले, सायकल टपावर टाका, आष्ट्यातून दुसरी गाडी पकडून तुम्ही चारला शिराळ्यात असाल, कुणाला कळतंय? बोलणं अगदी मनापासून होतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण पुलावरच्या त्या मुलींना मी काय सांगणार होते? मी नको म्हणाले. मग मला माझाच राग आला, कारण नको म्हणून पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

"उचलून नेली तर चालेल का?" मी आजोबांना विचारलं.

ते आधी सायकलीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उचलून न्याला देवीची ना न्हाई. पर तुमच्यानं व्हनार न्हाई."

एवढं बस झालं. मी पिशवी पाठीला अडकवली, सायकलच्या तिरप्या दांडीखाली खांदा घातला आणि उचलली. या शिवेपासून त्या शिवेपर्यंत दोन किलोमीटरला थोडं कमी. पहिली शंभर पावलं मी ताठ मानेनं चालले, कारण एसटीतली माणसं बघत होती. दुसऱ्या शंभरात पायडल बरगडीला लागू लागलं. त्यानंतर मी दर वीस पावलांना थांबत होते. सायकल टेकवताना चाक फिरू नये म्हणून ती आडवी घालायची, पुन्हा उभी करायची, पुन्हा खांदा घालायचा. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना कवायत शिकवणाऱ्या बाईची अर्ध्या किलोमीटरात ही गत झाली. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं, संतापाचं होतं.

मारुतीच्या पारावर गावातल्या बायका बसल्या होत्या. चूल नाही, दळण नाही, रान नाही, म्हणून सगळ्या निवांत. त्यांनी माझी तीनचार उचलाउचल बघितली. मग एक पन्नाशीची उंच बाई उठून आली. नाव सुंदराबाई. तिनं मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. सायकलभोवती एक फेरी मारली.

"खांद्यावर कशापायी घेतलीया? खांदा गड्यांचा. आपलं डोकं हाय की," ती म्हणाली.

तिनं हाक मारली तशा चौघी आल्या. पदराच्या चुंबळी झाल्या (ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी). सायकल आडवी केली. उचलणार, तेवढ्यात पारावरची एक म्हातारी ओरडली, की वर उचलली तरी वाऱ्यानं चाक फिरंल. सगळ्या थबकल्या. तिचं म्हणणं खरं होतं. मग कुणीतरी घरातून जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या आणि दोन्ही चाकं दांडीला करकचून बांधली. सुंदराबाईनं हात लावून बघितलं, चाक हलेना, तेव्हा सायकल दोघींच्या डोक्यावर चढली. पुढे एक, मागे एक. माझी पिशवी तिसरीनं घेतली, त्यातला पंप काढून चौथीनं. मला घ्यायला काही उरलंच नाही.

मी म्हणाले, तुमचा आजचा विसाव्याचा दिवस, तुम्ही कशाला त्रास घेता. सुंदराबाई चालता चालता म्हणाली, "वर्सातनं पाच मंगळवार बसाया मिळतंय. सकाळधरनं बसून बसून आंग आंबलं बगा."

अर्ध्या वाटेवर खांदेपालट झाली, म्हणजे डोकेपालट. तेव्हा मी हट्ट धरला, की मागची बाजू मी घेणार. त्यांनी माझ्या डोक्यावर चुंबळ नीट बसवून दिली, मान कशी धरायची, नजर कुठे ठेवायची ते सांगितलं. मी जन्मभर मुलींना "ताठ चाला" म्हणत आले आहे. ताठ चालणं म्हणजे काय ते त्या तीनशे पावलांत मला कळलं. हसू येत होतं आणि हसलं की तोल जात होता, म्हणून पुढची बाई सारखी म्हणायची, "बाई, हसू नगा, सायकल हालतीया."

चालता चालता त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. शाळा, बावीस मुली, समिती, पाचचा फोन. सुंदराबाई ऐकत होती. मी म्हणाले, आता हा रस्ता मुलींसाठी काही खरा नाही, त्या दिवशी पाळक असली तर बावीस सायकली कुठून उचलायच्या?

तिनं चालण्याचा वेग कमी न करता हिशेब केला. "येका सायकलीला दोगी. बावीस सायकलींच्या चव्वेचाळीस जनी. गावात उचलनाऱ्या आमी चाळीस हाय. चार कमी पडत्यात. त्या चार तुमच्यातल्या लावा."

पलीकडच्या शिवेवर त्यांनी सायकल खाली ठेवली, चिंध्या सोडल्या आणि आदल्या दिवशीची थंड अंबील मला तांब्याभर पाजली. मी पायडलवर पाय ठेवला तेव्हा पावणेतीन वाजले होते. पुढचं फार आठवत नाही. इस्लामपूर बाजूला ठेवलं, पेठेला हायवे ओलांडला, मग शिराळ्याकडचे चढ. एकाही चढाला पाय टेकवला नाही. शिराळ्याच्या चौकात बूथवर दोन माणसं रांगेत होती. मी त्यांना हात जोडले आणि पुढे घुसले. पाचाला सहा मिनिटं कमी असताना आमच्या शिपायांनी फोन उचलला.

बुधवारी सकाळी सायकल एसटीच्या टपावर घालून परत निघाले. अट वाई ते शिराळा एवढ्यापुरतीच होती, परतीला काही अट नव्हती. कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत खिडकीत बसून मी एकच गोष्ट घोळवत होते. खोलेवाडीचं सांगायचं की नाही? न सांगितलं तर सहल मंजूर. सांगितलं तर वकीलसाहेबांचा कागद आहेच. नागठाण्याजवळ ठरवलं की सांगायचं. मला खोटं बोलायचा कंटाळा नाही, वेळप्रसंगी बोलतेही. पण त्या बायकांना गाळून तो प्रवास सांगणं मला जमलं नसतं.

समितीपुढे मी वही उघडून चारही दिवस सांगितले. शेवटी खोलेवाडी सांगितली. वकीलसाहेबांनी आपला कागद काढला आणि सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे अट मोडली."

"मोडली," मी म्हणाले. "दोन किलोमीटरला थोडं कमी एवढं अंतर मी सायकलवर नव्हते. सायकल आमच्यावर होती."

कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी विचारलं, की त्या शिवेवर मी नसते आणि मुली असत्या तर काय झालं असतं? मी त्यांना सुंदराबाईचा हिशेब सांगितला, तिच्याच शब्दांत. चव्वेचाळीस, चाळीस, चार.

मोठ्या बाई उठल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि माघी पौर्णिमा शोधली. तिथून मागे एकेक मंगळवार नखानं मोजत आल्या. पाचवा कालचाच निघाला, म्हणून जत्रेच्या अगदी आधीच्या मंगळवारावर त्यांनी पेनानं गोल केला.

"सहल या दिवशी खोलेवाडीत पोचेल अशी आखा," त्या म्हणाल्या.

वकीलसाहेब चकित झाले. "मुद्दाम? अहो, चाकं अडतील तिथे."

"अडू देत," मोठ्या बाई म्हणाल्या. "अडल्यावर कोण उठून येतं, ते मुलींना बघू दे." आणि अर्जावर सही करून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

मी फार प्रवास केलेली बाई नाही, त्यामुळे मोठे निष्कर्ष काढणार नाही. औंधचा चढ मी एकटीनं चढले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करणार नाही. पण घरी कुणी विचारलं, की सगळ्यात चांगला रस्ता कुठला, तर मी ज्या रस्त्यावर सायकल चालवली नाही तोच सांगते.

गुरुवारी पीटीच्या तासाला लेझीम बाहेर काढली नाही. बावीस जणींना मैदानावर ओळीत उभं केलं, सहल मंजूर झाल्याचं सांगितलं, आणि त्यांचा आरडाओरडा थांबल्यावर खोलेवाडीची सगळी हकीकत सांगितली. शेवटी विचारलं, की तिथे उचलायला चार जणी कमी पडतात, कोण कोण येणार? माझी शिट्टी तोंडातच राहिली. बावीसच्या बावीस हात वर होते.